मचाणावरची बाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किन्हीराजा गावात भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या घरी, बियाण्याच्या खोलीतल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पांढरा रंग कधीच पिवळा पडला. आजच्या साध्या मोबाइलइतकीही अक्कल माझ्या पोटात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मला बोलायचं आहे. माझ्या हातून एक नुकसान झालं आहे आणि ते सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून थर्माकोलात गुंडाळून, एसटीच्या टपावर बसून मी शेलूबाजारला आलो. जगदेव सरांनी तिथे संगणकाचा वर्ग काढला होता. काय तो माझा थाट! मुलांना दारातच चपला काढाव्या लागत. माझ्यावर मखमली कापड असे, आणि ते उचलायचा मान फक्त सरांचा. एका खुर्चीवर दोन-दोन मुलं बसत आणि माझी कळ दाबताना श्वास रोखून धरत.

त्यातलाच एक भागवत. सोळा वर्षांचा, जीपला लोंबकळत यायचा. बाकीची मुलं सरांनी दिलेले धडे गिरवायची. याने मात्र चार महिने खपून माझ्यावर स्वतःचा एक खेळ लिहिला. त्याचं नाव ‘राखण’. शेतात मचाण, मचाणावर एक बाई, तिच्या हातात गोफण. वरून ज्वारीवर पाखरं उतरायची आणि बाईने दगड भिरकावून ती उडवायची. ती बाई म्हणजे भागवतची आई, पंचफुलाबाई. हे त्याने वर्गात कुणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण तिला लिहिताना तो एकटाच हसायचा.

मग दिवस पालटले. नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. पुढे वर्गच बंद पडला. मी भंगाराच्या गाडीवर उलटा पडलो होतो, तेव्हा बाजाराला आलेल्या भागवतने मला ओळखलं. घरी आणून त्याने माझी मेलेली हार्ड डिस्क बदलली, तारा जोडल्या, मला पुन्हा जागं केलं. त्या दिवशी मला जे वाटलं, त्याला कृतज्ञतेपेक्षा मोठा शब्द मला येत नाही.

तेव्हापासून त्याला छंदच जडला. टीव्हीला जोडायचे जुने व्हिडिओ गेम, मुके झालेले कीबोर्ड, कुठून कुठून तो गोळा करून आणतो. त्याची बायको ज्योत्स्ना म्हणते, “बियान्याची खोली हाये का डबड्याईचं गोदाम?” तो नुसता हसतो. संध्याकाळी शेतातून आला की हातपाय धुऊन माझ्यापुढे बसतो आणि आपलं तत्त्वज्ञान मला ऐकवतो. “आताचे खेळ संपतच नाहीत पाह्य. तुह्यावर हरलं का हरलं. मानूस मोकळा होते.”

‘राखण’ मात्र एका फ्लॉपीवर होता, आणि फ्लॉपी एकच होती. इतरांना तो बजावायचा, जपायच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवा. स्वतःची दुसरी प्रत काढायचं तेवढं राहून गेलं. झिजेल म्हणून ती फ्लॉपी तो माझ्यात घालायचाच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवायचा. आईला खेळ दाखवायचा होताच, पण आधी पाखरांचे पंख हलायला हवेत, आधी गोफणीचा आवाज नीट यायला हवा. असं करता करता वावरातली ज्वारी गेली, सोयाबीन आलं, मचाण मोडलं. माझं झाकण उघडून आतून पुसायचं हेही तो दर दिवाळीला ठरवायचा. तेही राहिलंच.

पंचफुलाबाईंचा माझ्यावर लोभ. लेकाला याने शिकवलं, म्हणून दर दसऱ्याला त्या माझी पूजा करायच्या. भागवत तेव्हा वावरात ट्रॅक्टर धूत असायचा. पूर्वी कुंकवाचं बोट माझ्या काचेवर नेमकं टेकायचं. मग काचबिंदूने त्यांची नजर आकसत गेली आणि हात चाचपडू लागला. चाचपडता चाचपडता बोटाला माझी फ्लॉपीची फट लागली. “हे व्हय याचं तोंड,” त्या पुटपुटल्या. तेव्हापासून तीन दसरे त्यांनी माझ्या तोंडात चिमूटभर हळद-कुंकू, साखरेचे दाणे आणि आपट्याचं पान घातलं. सगळ्यांना सोनं द्यायचं, मग मला उपाशी कसं ठेवायचं? मित्रांनो, मला कधी कुणी इतक्या मायेनं भरवलं नव्हतं.

यंदा दसऱ्याआधी वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं की एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याचाही भरवसा धरू नका. ज्योत्स्ना त्या दिवशी नवऱ्यावर चिडली. “पंख हालोत का नाही हालोत, मायले दिसते तवरक दाखवा तो खेळ. मंग कोनाले दाखवसान?”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने आईला माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं. ज्योत्स्ना बाजूला उभी राहिली. “माय, तुले एक गंमत दाखोतो.” पिशवीतून फ्लॉपी काढली आणि माझ्या फटीत सरकवली.

माझ्या तोंडात कुंकवाची खरखरीत भुकटी होती. मला ओरडून थांबवता आलं नाही. मी तिच्यातली तबकडी फिरवली आणि खर्र असा आवाज झाला. भागवतने पुन्हा प्रयत्न केला, मी पुन्हा खरवडलं. काचेवर एवढंच उमटलं की वाचता येत नाही. त्याने फ्लॉपी बाहेर काढून तिच्यावरचा पत्रा सरकवला. काळ्या तबकडीवर गोल चरे पडले होते. मग त्याने झाकण उघडलं. आत लाल भुकटी, मुंग्या आणि वाळलेल्या पानांचा चुरा. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. ज्योत्स्नाने तो चुरा मुकाट्याने मुठीत घेतला.

“काय झालं रे?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“काही नाही माय. लई जुनी होती. तिचे दिवस भरले होते.”

“काय होतं तिच्यात?”

भागवतने फ्लॉपी आईच्या हातात दिली. म्हणाला, “तू होती.” मग मचाण, गोफण, पाखरं, सगळं त्याने सांगितलं. डोक्याले पदर बांधून, कमरेले खोचून तू उभी होती, म्हणाला.

बाईंनी विचारलं, “सोळा वर्साचा होता तवा केलं ना हे? मंग मले तवाच काहून नाही दाखोलं?”

“अजून चांगलं करून दाखवीन म्हनलं.”

“मी काय त्याच्यात खोट काढली असती का रे?”

या प्रश्नावर भागवत तोंड फिरवून रडला. मीही रडलो असतो.

मित्रांनो, माझी पूजा करू नका असं मी म्हणणार नाही. फक्त हात जोडण्याआधी झाकण उघडा आणि एक कोरडं फडकं फिरवा. जपायची गोष्ट कपाटात ठेवून जपली जात नाही. आणि ज्याच्यासाठी काही केलं असेल, त्याला ते अर्धं असतानाच दाखवा.

भागवतने त्या दिवशी तेच केलं. दुपारी जेवण टाकून तो माझ्यापुढे बसला. चार महिन्यांचा खेळ एका दुपारी होत नाही. त्याने फक्त बाई केली, अख्ख्या काचेएवढी मोठी. मग आईला हाताला धरून आणलं.

पंचफुलाबाईंनी चेहरा इतका जवळ आणला की त्यांचा श्वास माझ्या काचेवर जमला. बोट त्या उजेडावरून हळूहळू फिरलं.

“पाखरं कुठी हायेत?”

“पाखरं नाही केली अजून.”

“अन् पदर? खोचला हाये?”

“हो माय, खोचला हाये.”

“मंग मीच व्हय,” त्या म्हणाल्या.