दोघांचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या काही कळा उडाल्या आहेत, झाकणाची एक बिजागरी सुटली आहे आणि पाठीवर गरम पातेलं ठेवल्याचा गोल डाग आहे. आता मला उचललंच तर खालची धूळ पुसायला उचलतात. पण माझेही चांगले दिवस होते. ते कसे आले आणि कसे गेले, ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसायच्या. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने कळा लावल्या, तिसरीने पडद्याची काच पुसली. शेवटी एका तपासनिसाने मला चालू करून पाहिलं आणि थोपटून खोक्यात घातलं. ते थोपटणं मला कौतुक वाटलं. नव्या वस्तूला सगळंच कौतुक वाटतं.

दुकानात मला पाहायला एक नवरा-बायको आले. दोघं एकाच कचेरीत नोकरीला होती आणि दोघांनी मिळून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता.

"एकच घेऊ, पण चांगला घेऊ," नवरा म्हणाला. "आपण काय वेगवेगळ्या खोल्यांत बसून अभ्यास करणार आहोत?"

अशा रीतीने मला एक मालक आणि एक मालकीण मिळाली. घरी आल्यावर मालकिणीने माझ्यात दोन खाती उघडली, एक त्याचं, एक तिचं. दोघांनी आपापला पासवर्ड एकमेकांना सांगून टाकला. लपवण्यासारखं काही नव्हतंच.

पहिले काही महिने मी फार सुखात होतो. जेवणाच्या टेबलावर ती दोघं कोपराला कोपर लावून बसायची. तिला नवी गोष्ट चटकन कळायची. मग ती कागदावर चौकोन आणि बाण काढून त्याला समजवायची.

"हे बघ, नावं आधीच क्रमाने लावली आहेत ना? मग पहिल्यापासून कशाला चाळायची? मधलं बघ आणि अर्धी यादी सोडून दे."

"कळलं, गुरुजी," तो म्हणायचा आणि तिला टपली मारायचा. ती हसायची. माझा पंखासुद्धा त्या वेळी हळू फिरत असे.

पहिल्या सहामाहीचा निकाल त्यांनी माझ्याच पडद्यावर पाहिला. ती वर्गात पहिली आली होती आणि तो एका विषयात नापास झाला होता. सासूबाई तिथेच भाजी निवडत बसल्या होत्या.

"काय रे, बायको पुढे गेली वाटतं तुझ्या?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता तिने मिळवून आणावं, तू भांडी घास."

तो हसला नाही. मालकीण घाईघाईने म्हणाली, "आई, त्याचा पेपरच अवघड होता."

"आणि तुला काय वेगळा पेपर दिला होता?" सासूबाईंनी विचारलं आणि देठं ताटलीत टाकली.

मित्रांनो, त्या दिवसानंतरही तो तिला गुरुजीच म्हणत होता, पण शब्दाची चव बदलली. पाहुणे आले की तो म्हणायचा, "गुरुजींना आधी चहा द्या, नाहीतर आपल्याला नापास करतील." सगळे हसायचे. ती लिहीत असली की मागून येऊन तो माझं झाकण मिटायचा. "अगं, मला वाटलं झालं तुझं." कधी कचेरीला जाताना माझा चार्जर त्याच्याच पिशवीत जायचा. तिने अभ्यासाला रजा घेतली की नेमका जायचा. ती भराभर लिहीत राहायची आणि ओळ अर्धी असतानाच माझा प्राण जायचा.

तिने एकदा सासूबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "आधी त्याचं होऊ दे गं. तुझी पदवी काय पळून चाललीये?"

आणि तरी त्याचा प्रोग्रॅम अडला की तीच तो नीट करून द्यायची. तो शेजारी बसून फोनमध्ये बघत असायचा.

दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. ते बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. उभा जन्म त्यांनी लोकांना आपली गाडी कुठे लागलीये ते सांगितलं होतं. आता त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं कुणाला कळेना. पाणी मागितलं तर लोक पांघरूण द्यायचे. ते चिडायचे, मग रडायचे.

मालकिणीने ठरवलं की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हाच करायचा. बाबांचं तुटकं बोलणं ऐकून ते काय म्हणताहेत हे पडद्यावर लिहून दाखवेल असा प्रोग्रॅम. ती मला पिशवीत घालून माहेरी न्यायची, बाबांच्या पलंगावर ठेवायची आणि त्यांना एकेक वाक्य बोलायला लावायची. तेच वाक्य पुन्हा, मग पुन्हा. ते दमायचे, पण कंटाळायचे नाहीत. घोषणा करणारा माणूस तो, माईक समोर आला की मान ताठ व्हायची. सगळं संपल्यावर ते स्वतःहून तिला विचारायचे, "अब्या आआ का?"

"झाला बाबा, अभ्यास झाला," ती म्हणायची.

सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं. मी 'पाणी'ला 'वाणी' लिहायचो. पण ती मला शिकवत राहिली आणि हळूहळू मला त्यांचं बोलणं घरच्यांपेक्षा जास्त कळू लागलं. एके दिवशी ते काहीतरी बोलले आणि मी लिहिलं, 'उशी उंच कर.' त्यांनी ते वाचलं आणि चांगला हात माझ्यावर ठेवला. मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. त्या दिवसाचं एक रेकॉर्डिंग तिने घरी आल्यावर मालकाचा फोन मला जोडून आनंदाने त्यातही टाकलं.

थोड्याच दिवसांनी बाबा गेले. बोलता न येण्याचा त्यांचा त्रास संपला, पण आमचं काम अर्धवट राहिलं. ती रेकॉर्डिंग लावायची आणि ऐकत ऐकत प्रोग्रॅम सुधारायची. तिच्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या, पण प्रोग्रॅम पाहून म्हणाल्या, "हे विद्यापीठात पहिलं येणार. दर आठवड्याला मला पाठवत जा, म्हणजे हरवायचं नाही."

प्रोग्रॅम ती पाठवायची. बाबांचा आवाज मात्र, मालकाच्या फोनवरचं ते एक रेकॉर्डिंग सोडलं तर, तिने कुणालाच दिला नाही. तो माझ्यात होता आणि त्याची एक प्रत कपाटातल्या छोट्या डिस्कवर होती.

मॅडमचं ते वाक्य तिने घरी जेवताना सांगितलं. तिथे चुकलं तिचं, असं म्हणावं तर चूक काय होती? चांगली बातमी माणूस आपल्या माणसांनाच सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कॉलेजात गेली होती. मला घरी ठेवून गेली, कारण मालकाने आपला प्रोग्रॅम पाहायचा आहे असं सांगितलं होतं. तो प्रोग्रॅम तिने आदल्याच दिवशी दुरुस्त करून दिला होता. तो माझ्यासमोर बसला आणि आपलं खातं सोडून तिचं उघडलं. बाबांचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि पूर्ण ऐकलं. शेवटी आवाज आला, "अब्या आआ का?"

तो तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता हा झाकण मिटेल.

आतून सासूबाईंनी विचारलं, "चहा ठेवू का रे?"

"ठेव," तो म्हणाला आणि त्याने सगळी रेकॉर्डिंग एकदम निवडली, प्रोग्रॅमसकट.

मित्रांनो, अशा वेळी मला एकच प्रश्न विचारता येतो. मी विचारला, 'हे नक्की कायमचं पुसायचं का?' त्याने 'हो' दाबलं. मग कपाटातली डिस्क आणून मला जोडली आणि तीही रिकामी केली. पुसलेलं कधी कधी परत काढता येतं हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने दोन्ही जागा सिनेमांनी गच्च भरून टाकल्या. दोन वर्षांच्या अभ्यासातला हा एक धडा त्याला पक्का आला होता. मग त्याने चहा प्यायला.

संध्याकाळी ती आली, हात धुतले आणि मला उघडलं. तिने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग डिस्क जोडून पाहिली. फायली केव्हा पुसल्या ते माझ्यात नोंदलेलं असतंच, आणि त्या वेळी घरात कोण होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तू पुसलंस?" तिने विचारलं.

"चुकून झालं असेल. जागा कमी पडत होती."

"डिस्कवरही जागा कमी पडत होती?"

त्याने फोन हातात घेतला. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "एवढं काय झालं? माणूस गेलं ते गेलं. आवाज ठेवून काय परत येणार होतं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या फोनवर एक टाकलं होतं मी," ती त्याला म्हणाली. "तेवढं तरी दे."

"ते कधीच पुसलं," तो म्हणाला. "फोन भरला होता."

ती ओरडली नाही. तिने मॅडमना फोन करून प्रोग्रॅम परत मागवला, माझ्यात बसवला आणि तोंडी परीक्षेची तयारी केली. त्या दिवसांत तिने मला हातही असा लावला की जणू मी दुसऱ्याची वस्तू आहे.

परीक्षेला तिने मला टेबलावर ठेवलं. बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते.

"लिहिलंय छान. पण चालतं कशावरून? रेकॉर्डिंग कुठे आहेत?"

"पुसली गेली, सर."

"मग वडिलांना घेऊन यायचं."

"ते वारले."

"मग आम्ही काय तपासायचं?" त्यांनी घड्याळ पाहिलं. मॅडम खाली बघत होत्या.

मालकिणीने माईक जवळ ओढला. तोंड एका बाजूला वाकडं केलं, जीभ जड केली आणि बोलली, "अब्या आआ का?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं. तो मालक होता. त्याची पाळी तिच्यानंतर होती.

मी मात्र तो आवाज ओळखला. मी लिहिलं, 'अभ्यास झाला का?'

परीक्षकांनी चिठ्ठीवर स्वतःचं एक वाक्य लिहून तिच्याकडे सरकवलं. ती बोलली, "खिकी बन क, वाआ येओय." मी लिहिलं, 'खिडकी बंद कर, वारा येतोय.' मग परीक्षकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. कोणतं अक्षर कुठे तुटायचं हे ती महिनोन् महिने बाबांच्या तोंडाकडे बघून शिकली होती. ती बोलत राहिली आणि तिच्या वाकड्या ओठांवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत राहिलं. पुढे निकालात ती पहिली आली.

त्या दिवशी तिच्यानंतर मालक पुढे आला. त्याचाही प्रोग्रॅम माझ्यातच होता आणि तो छान चालला. परीक्षकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही काय करते?"

त्याने सवयीने वळून शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ती मला तिथेच सोडून माहेरी निघून गेली होती.

तो नापास झाला आणि शिक्षण सुटलं. मी त्याच्याबरोबर परत आलो. तो माझ्यावर सिनेमे पाहायचा आणि चिडला की कळा आपटायचा. सासूबाईंनी एकदा चहाचं पातेलं माझ्या झाकणावर टेकवलं. तोच हा डाग.

बऱ्याच काळाने त्याने एकदा फोन मला जोडला, एक फाईल शोधली आणि लावली. 'उशी उंच कर'च्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं ते. पुसलं नव्हतंच. त्याने तिला फोन लावला.

"बाबांचं एक सापडलंय माझ्याकडे," तो म्हणाला. "घरी परत ये, ऐकवतो."

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नको," ती म्हणाली. "तो आवाज मला काढता येतो."

फोन बंद झाला. त्याने तीही फाईल पुसली. मी पुन्हा माझा प्रश्न विचारला. त्याने तो वाचलाही नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर चहा सांडू नका, हे मी सांगत बसणार नाही. यंत्रं मोडायचीच. पण तुमच्या शेजारी बसून कुणी शिकत असेल, तर त्याचं काम जपा. ते माणूस तुमच्या पुढे गेलं, तर जास्तच जपा, कारण हात तेव्हाच शिवशिवतात. दुसऱ्याची पाटी पुसल्याने आपल्या पाटीवर अक्षर उमटत नाही. मी ते होताना पाहिलं आहे, आणि मला थांबवता आलं नाही. तुम्हाला येईल.