नऊ नंबरचा पाय

तिने त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं नाही. केस गेले होते, गाल ओघळले होते, एका गुडघ्यावर पट्टा होता. पण दुकानात शिरताना त्यांनी मागे राहिलेल्या बायकोसाठी "चल, चल, चल" करत तीन टाळ्या वाजवल्या आणि फळीवर माल लावणाऱ्या तिच्या हातातला बुटांचा खोका हातातच राहिला. अठ्ठावीस वर्षांनीही त्या टाळ्या तिच्या कानाला पाठ होत्या. शाळेतले खेळाचे सर. मुली त्यांना पाठीमागे 'शिट्टी' म्हणायच्या.

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात ती चौदा वर्षं बुटांचा विभाग सांभाळत होती. मालक गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, "ताईंनी दिलेला बूट परत येत नाही."

तेराव्या वर्षी आठशे मीटरला तिच्या पुढे कुणी नसायचं. आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचे बूट फाटले, तेव्हा सरांनी शाळेच्या कपाटातून एक जोड काढून दिला. तो दोन नंबर लहान होता.

"सर, बोटं दुमडतायत. अनवाणी पळू का?"

"नियम म्हणजे नियम. सोस जरा. बुटाने कुणी मरत नाही."

दुसऱ्या फेरीत अंगठ्याचं नख उचकटलं आणि ती वळणावर पडली. एवढ्यावर भागलं असतं तर एखादवेळेस ती विसरलीही असती. पण सोमवारी प्रार्थनेनंतर सरांनी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. "हरायला लागलं की कसं पडायचं, ते हिच्याकडून शिका. नौटंकी!" शाळा खदखदून हसली. नाव चिकटलं ते चिकटलंच. सख्खी बहीणसुद्धा भांडणात तेच नाव घ्यायची. त्यानंतर ती कधी पळाली नाही.

"पळायला सुरुवात करायचीय," सर खुर्चीत रेलत म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आधी चाला, मग हळूहळू पळा. जन्मभर पोरींना पळवलं, स्वतः कधी पळालो नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. फक्त पाय पुढे केला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात अगदी थंड होते. तिने त्यांना मापाच्या पट्टीवर उभं केलं, दोन्ही पाय मोजले. उजवा किंचित मोठा. पुरते नऊ. पळण्यासाठी खरं तर साडेनऊच द्यायला हवा होता. पळताना पाय फुगतो, पुढे सरकतो, अंगठ्यापुढे बोटभर जागा लागते. हे तिने आजवर हजारेक लोकांना सांगितलं असेल.

"आठ," ती म्हणाली.

"मी तर नऊ घालतो."

"चपला घालत असाल, सर. पळताना पाय आकसतो. सैल बुटात घोटा मुरगळेल."

आतून तिने निवडून जोड आणला. लालभडक, पुढे चिंचोळा, टाचेला पातळ, शर्यती मारणाऱ्यांसाठी केलेला. नवख्या माणसाने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये असा. सरांनी दात आवळून पाय आत कोंबले.

"जरा आवळतायत."

"नवे आहेत ना. थोडे दिवस सोसा. मग सैलावतात." 'सोसा' हा शब्द तिने सावकाश, चवीने उच्चारला.

सरांच्या बायकोने वाकून बघितलं. "अहो, अंगठा पार टोकाला—"

"तू कधी बसमागे तरी धावली आहेस का? त्यांचं काम त्यांना कळतं."

सर आरशासमोर दोनदा वळले आणि खूश होऊन गेले.

त्यानंतर रोज सकाळी भांडी घासताना ती मनातल्या मनात त्यांच्याबरोबर पळायची. आता अर्धा किलोमीटर झाला असेल. आता बोटं बधिर. आता टाच सोलली. आता नख. साबणाच्या फेसात तिला हसू फुटायचं. क्वचित मध्येच वाटून जायचं, म्हातारा माणूस आहे, विसरूनही गेला असेल सगळं. मग ती भांडं आणखी जोरात घासायची.

तीन आठवड्यांनी सरांच्या बायको एकट्याच आल्या. हातात पिशवी, पिशवीत लाल बूट.

"यांची दोन नखं गेली. टाचांना फोड. डॉक्टरांनी महिनाभर बूट बंद केलेत. पाय उशीवर ठेवून बसलेत आणि मला पळवतायत."

"अरेरे," ती दुकानातल्या आवाजात म्हणाली. "बदलून देऊ का, काकू?"

"बदलायचे नाहीत." काकूंनी मालकांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पट्टीवर नऊ होतं. मी तुझ्या मागेच उभी होते. मला आकडे वाचता येतात."

तिनेही आवाज खाली आणला. "मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोलले की! उत्तर ऐकलंस ना? मग म्हटलं, मरू दे." काकू तिच्याकडे टक लावून बघत होत्या. "यांनी तुझं काय केलं होतं, तेवढं सांग."

तिने सांगितलं. चार वाक्यांत संपलं. काकूंचा हात तोंडावर गेला.

"ती आठशे मीटरवाली? ती तू? अगं, तो पाहुण्यांना सांगतो ही गोष्ट! जेवणं झाली की हमखास. तू कशी पडलीस त्याची नक्कल करून दाखवतो. सगळे हसतात. मीसुद्धा हसायचे गं."

आत्तापर्यंत 'हे' असलेला नवरा एका दमात 'तो' झाला होता. आणि तिच्या मनात कुठे कोपऱ्यात दयामाया उरली असेल, तर ती त्या क्षणी आटली. विसरला नव्हता. अठ्ठावीस वर्षं तो तिच्यावर हशा मिळवत होता.

काकूंनी खुर्ची ओढली आणि चपला काढल्या. "आता माझ्यासाठी बघ. पळायचे. खरे दे."

"मग संध्याकाळी या. दिवसभर चालून पाय फुगतो, तेव्हाचं माप खरं. आणि घरातल्या जुन्या चपला घेऊन या."

काकू सहाच्या ठोक्याला हजर. चपलांचा तळ आतल्या बाजूने झिजला होता. तिने तो बघून आतून आधार असलेले तीन जोड काढले. मोज्यांसकट घालायला लावले, टाच निसटते का बघितलं, अंगठ्यापुढे आपलं बोट आडवं ठेवलं. मग म्हणाली, "दारापर्यंत पळून दाखवा."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

पहिला जोड चावला, दुसरा जड वाटला. तिसऱ्यात काकू दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. "पायात काही आहे असं वाटतच नाही."

"मग हेच. रंग बघू नका."

रंग मळकट राखाडी होता. काकू मनापासून हसल्या. "रोज सकाळी त्याच्या खिडकीसमोरून चार फेऱ्या मारते की नाही बघ. बसल्या बसल्या बघू दे."

पंधरवड्याने सर स्वतः आले. पायाला पट्टी, अंगात संताप. भांडणाच्या भरात काकूंनी मापाचं खरं सांगून टाकलं होतं.

"या बाईने मला मुद्दाम लहान बूट दिला!" त्यांनी मालकांसमोर आवाज चढवला. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

ती सहज नाही म्हणू शकली असती. मालकांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता. पण मग सरांच्या लेखी तो एक घोटाळा ठरला असता, आणि सूड म्हणून तो त्यांना कळलाच नसता.

"हो. मुद्दाम दिला," ती म्हणाली. "पाय नऊचा होता. पाहुण्यांना माझी गोष्ट सांगता ना, सर? आता हीही सांगा."

सरांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. रंग उतरला. "ती... ती गंमत होती गं."

"ही पण गंमतच होती."

मालकांनी सरांची माफी मागितली, योग्य मापाचा जोड स्वतः काढून दिला, आणि तिला बुटांवरून काढून मागच्या गोदामात टाकलं. "चौदा वर्षं मी लोकांना तुमच्या नावावर बूट दिले, ताई," एवढंच म्हणाले. ते तिच्या जिव्हारी लागलं. त्यांची तिने मनापासून क्षमा मागितली. सरांची मागितली नाही, मागावीशीही वाटली नाही.

गोदामात खिडकी नव्हती. दर गुरुवारी काकू मागच्या दाराने यायच्या, घाम पुसत खोक्यावर बसायच्या. आधी दोन किलोमीटर झाले, मग तीन.

"आता तोही येतो," एकदा त्या म्हणाल्या. "साडेनऊचे घालून. माझ्या मागे बराच लांब राहतो. थांब, थांब म्हणून हाका मारतो."

"मग?"

"मग काय? ऐकूच येत नाही मला."