सुकाणूच्या पोटातली पट्टी

"चीर वरवरची आहे. लांबीचा लगदा भर, वरून फायबर चढव, संपला विषय!" म्हातारे मिस्त्री खुर्चीतून खेकसले. "चांगलं सुकाणू फाडायला कोणी सांगितलंय तुला?"

दोन लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवलेल्या सुकाणूवर मिस्त्रीण हातोडीच्या दांड्याने ठोकत पुढे सरकत होती. ठक, ठक आणि मग एकदम भद. त्या जागी तिने ड्रिलने भोक पाडलं. तपकिरी पाणी ओघळून तिच्या चपलेवर पडलं.

म्हातारे मिस्त्री तिचे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले, जीभ मात्र शाबूत राहिली. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, वडिलांच्या हाताखाली काम शिकली आणि आता होड्या दुरुस्तीची ही शेड एकटीच चालवत होती.

शिडाची ही होडी तिने बघताक्षणी ओळखली होती. याच शेडमध्ये बांधलेली. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी तिचा नवरा हिला घेऊन गेला आणि बंदराच्या तोंडाशी खडकावर आपटून बुडाला. होडी वडिलांनी ओढून आणली, शेडचं दार लावून एकट्यानेच दुरुस्त केली आणि लांबच्या गिऱ्हाइकाला विकून टाकली. हातोहात फिरत ती आता एका निवृत्त मास्तरांकडे आली होती. "सुकाणूला चीर गेलीय, बघता का जरा?" एवढंच ते म्हणाले होते.

अपघाताच्या तीन दिवस आधी नवऱ्याने वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, सुकाणू सैल लागतंय हाताला." वडील सगळ्यांदेखत हसले होते. "सुकाणू नाही जावईबापू, तुमची मनगटं सैल आहेत!" तो गेल्यावर बंदरभर त्याचं नाव तेच झालं. सैल मनगटाचा. पोटची पोरगी मोठी झाल्यावर वडिलांबद्दल विचारायला लागली, तेव्हा मिस्त्रीणही तिला म्हणाली होती, "तुझ्या बाबांना होडी झेपली नाही गं."

तिने ग्राइंडरने एका बाजूचं फायबर कापून पत्र्यासारखं उचललं. आत कुजलेला फोम. तो खरवडल्यावर मधला पोलादी दांडा दिसला, आणि त्याला जोडलेल्या, अख्खं सुकाणू धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. दोन जाडजूड, नंतर बसवलेल्या. त्यांच्या शेजारी एक जुनी, मधोमध तुटलेली. तुटलेल्या तोंडावर लाल लांबी होती. अर्धी या तुकड्यावर, अर्धी त्या.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. लांबी पट्टीबरोबर फाटली होती. म्हणजे पट्टी तुटायच्या आधीच कोणीतरी तिची चीर बुजवली होती.

तिने तुकडा कापून काढला आणि वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"ही लांबी तुमची?"

म्हाताऱ्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "माझीच. दुसऱ्या कोणाचा हात लागतो होय इथे?"

"पट्टीला चीर होती, तुम्हाला माहीत होतं."

"हंगाम तोंडावर आला होता. म्हटलं, एवढा हंगाम काढेल."

"तो सांगत होता तुम्हाला. सैल लागतंय म्हणून सांगत होता."

"सांगत होता खरा." त्यांनी तुकडा खाली टाकला. "आता काय करायचं म्हणतेस? तेव्हा बोललो असतो तर शेड बसली असती. तू आणि तुझी पोर कुठे गेला असतात? त्याच्या नावावर गेलं ते बरं झालं. तसंही त्याला कुठे नाव होतं!"

मग त्यांनी चहा मागितला.

तिने चहा केला. दुपारी नेहमीप्रमाणे त्यांना उचलून न्हाणीत नेलं. पहिला तांब्या अंगावर पडताच ते ओरडले, "अगं, भाजलो! गार घाल त्यात!" बादली हाताशीच होती. तिने आधी पदर खोचला, साबण शोधला, आणि मग सावकाश गार पाणी घातलं. त्यांची पाठ लालभडक झाली होती. तिला दया आली नाही, आणि त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

पुढचे आठ दिवस तिने सुकाणू नव्याने घडवलं. सगळ्या पट्ट्या नव्या घातल्या, जोड न् जोड स्वतः तपासला. मास्तर होडी घेऊन गेले त्याच दिवशी तुकडा फडक्यात गुंडाळून ती सासूकडे गेली. दोन गल्ल्यांवरच घर, पण कित्येक वर्षांत तिथे पाय पडला नव्हता.

सासूबाई दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. तिने सगळं सांगितलं. लांबी, हंगाम, काही लपवलं नाही. सासूबाईंचा चेहरा हलला नाही.

"आई, तुमच्या मुलाची काही चूक नव्हती हो."

"मला कशाला सांगतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी त्याला हात धरून पोहायला शिकवलंय. मला त्याची मनगटं ठाऊक होती. अख्खं बंदर हसत होतं, तेव्हा तू एकदा तरी म्हणालीस का, माझा नवरा तसा नव्हता म्हणून?"

मिस्त्रिणीने हातातला तुकडा पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"जाताना दार ओढून घे," म्हणत सासूबाई आत वळल्या.

तिने दार ओढलं. लाकूड फुगलं होतं, वरच्या कोपऱ्यात अडकत होतं. रंध्याचे चार हात मारले की बसलं असतं. तिने जोर लावून ते नीट बसवलं आणि फळीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने आतून कडी लागली.