बाजूची लाइन

"दोन पिवळे!" पोपट ओरडला.

"दोन पिवळे," थोरलीनं पुन्हा म्हटलं आणि वेग उतरवायला घेतला. सिग्नल दोघांनी मोठ्यानं म्हणायचा, हा नियम. तिचा सहचालक तो इतका ठणकावून म्हणायचा की सगळ्या डेपोत त्याचं नाव पोपट पडलं होतं.

पुढचा सिग्नल एकच पिवळा. म्हणजे त्याच्या पुढचा लाल. अठ्ठावन्न वाघिणींची कोळशाची गाडी कण्हत बाजूच्या लाइनीत शिरली आणि लाल दिव्यापाशी थांबली. आज हे तिसऱ्यांदा. आधी एक्सप्रेस, मग पॅसेंजर, आणि सगळ्यांचं झाल्यावर मालगाडी.

वॉकीटॉकीवर स्टेशनमास्तर म्हणाले, "एक्सप्रेसला वाट देतोय. बाई, चालक तुमचीच बहीण आहे, बरं का! आज पहिलीच फेरी तिची."

"माहितीये," ती म्हणाली.

माहिती नसायला काय झालं? धाकटीला सिग्नल शिकवले होते ते तिनंच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाट्या मांडून. दोघी एकाच डेपोत लागल्या, थोरली तीन वर्षं आधी. मग आई अंथरुणाला खिळली. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं, थोरली थांबली. दोन वर्षं बिनपगारी रजा. आई गेल्यावर ती परत आली तेव्हा बढतीच्या यादीत तिचं नाव खाली घसरलं होतं आणि धाकटीचं वर गेलं होतं. परवा धाकटीनं एक्सप्रेसच्या चालकाचा नवा पांढरा शर्ट घालून दाखवला, तेव्हा थोरली म्हणाली, "छान दिसतोय." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली.

"मी उतरू का बघायला?" पोपटानं विचारलं.

उभ्या गाडीच्या माणसांनी जाणाऱ्या गाडीकडे नीट बघायचं. सगळं ठीक असेल तर हिरवा झेंडा, नसेल तर लाल. त्यालाच पाठवावं, आपण आत मान खाली घालून बसावं, असं तिच्या मनात आलं. पण मग धाकटीला कळलं असतं. ती दोन्ही झेंडे आणि वॉकीटॉकी घेऊन स्वतःच उतरली.

एक्सप्रेस आली ती भोंगा वाजवतच. खिडकीतून धाकटीनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि लहानपणी हलवायची तसा हात हलवला. थोरलीनं हिरवा झेंडा धरला. हात हलवला नाही.

डबे धडधडत जाऊ लागले. सातव्या डब्याखाली निळसर धूर दिसला. चाकाशी ठिणग्या उडत होत्या. ब्रेक चाकाला चिकटून बसला होता.

आणि तिला बरं वाटलं. आता हिची गाडी थांबणार. पहिल्याच फेरीला उशीर. लागलीच दुसरा विचार आला: लोक म्हणतील, जळते म्हणून थांबवली. दोन डबे पुढे गेले.

मग तिनं हिरवा झेंडा टाकला, लाल उघडला आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "एक्सप्रेस, थांब! सातव्या डब्याखाली धूर! चिमणे, थांबव गाडी!"

क्षणभर नुसती खरखर. मग धाकटीचा आवाज आला, "ताई... नक्की ना?"

तो प्रश्न तिला कानफटात बसावा तसा लागला. पण ब्रेक लागल्याचा आवाज आला होता. शेवटच्या डब्यातल्या गार्डनंही लाल झेंडा बघितला होता. गाडी स्टेशनच्या पुढे जाऊन थांबली. गार्ड खडीवरून धावत गेला. थोड्या वेळानं त्यानं कळवलं: चाक तापून लाल झालंय, डब्याचा ब्रेक बंद करतोय, बेतानं पुढे नेऊ. चोवीस मिनिटं गेली. थोरली इंजिनात बसून घड्याळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघींना सुट्टी होती. दुपारी धाकटी कपडे वाळत घालत होती.

"साहेब म्हणाले, आणखी दहा किलोमीटर गेली असती तर डबा रुळावरून उतरला असता," ती म्हणाली. "मला कॅबमधून दिसलंच नसतं, ताई."

"तू विचारलंस, नक्की ना."

धाकटीचा हात दोरीवरच थांबला. "हो. चुकलंच माझं."

"चुकलं नाही. धूर दिसला तेव्हा मला बरं वाटलं होतं."

धाकटीनं हातातला कपडा दोरीवर टाकला. मग म्हणाली, "किती वेळ?"

"दोन डबे जाईपर्यंत."

"आई आजारी असताना मीही रजा घेऊ शकले असते," धाकटी हळूच म्हणाली. "एकेक वर्ष वाटून. मी मुद्दाम विषयच काढला नाही. मला पुढे जायचं होतं."

थोरलीला हे ठाऊक होतं. तिला धाकटीला जवळ घ्यावंसं वाटलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही.

"यादीत मी चौथी आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष तरी लागेल. तोवर मी तुझ्यावर जळणार."

"जळ."

"आणि तो शर्ट माझ्या डोळ्यासमोर वाळत घालू नकोस."

धाकटीनं शर्ट दोरीवरून काढला आणि दुसऱ्या टोकाला, चादरीच्या आड नेऊन टाकला.