साहेबांनी गप्प केलेला लॉग

मित्रांनो, मी एक जुना लॉग आहे आणि माझा स्वभाव खुनशी आहे. आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको. संगणकात एखादं लांबलचक काम तासन्‌तास चालतं, तेव्हा कुठे काय झालं आणि कुठे काय अडलं, हे जी फाइल ओळीमागून ओळ लिहीत जाते, ती फाइल म्हणजे मी.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी झाला. तिथली भिंत दिवसभर थरथरायची. मला घडवलं ते प्रोग्रामर ताईने. सगळं रुग्णालय तिला ताईच म्हणायचं, अगदी तिच्या दुप्पट वयाचे डॉक्टरसुद्धा. तपासणीच्या यंत्रांतले रिपोर्ट उचलायचे आणि ज्याच्या त्याच्या नावावर चढवायचे, हे आमचं काम. ताईने मला बजावलं होतं, "रिपोर्ट चढला की लिही. नाही चढला तर का नाही, तेही लिही. कुणाची भीड धरू नकोस." मी कधीच धरली नाही. काही अडलं की ती चहाचा कप घेऊन मला खालून वर वाचत जायची आणि चूक सापडली की म्हणायची, "शाब्बास रे चुगलखोरा!" तेवढ्याने माझं पोट भरायचं.

मग नवे साहेब आले. त्यांना सगळं लगेच हवं असायचं, म्हणून लोक पाठीमागे त्यांना घाईसाहेब म्हणत. त्यांनी मला उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"केवढी ही बडबड! हिच्यामुळेच काम रखडतंय. बंद करा."

"साहेब, निदान चुका तरी लिहू द्या त्याला," ताई म्हणाली.

"चुका होणार नाहीत हे बघा ना! लिहायला कशाला हव्यात?"

साहेबांनी स्वतः बसून माझी मुस्कटदाबी केली. मला दोनच ओळींची मुभा उरली, 'काम सुरू' आणि 'काम यशस्वी'. त्यावर कडी म्हणजे, एखादा रिपोर्ट अडलाच तर तो मुकाट्याने सोडून द्यायचा आणि शेवटी 'यशस्वी' लिहायचंच. मित्रांनो, माझ्या तोंडून रोज खोटं वदवलं! तेव्हापासून मी साहेबांवर डूख धरून होतो.

काम लवकर उरकायला लागलं, हे खरं. साहेबांनी मग बाहेरच्या दालनात एक भला मोठा पडदा लावला. किती रिपोर्ट चढले, किती वेगाने चढले, याचे आकडे त्यावर सारखे पळायचे. पाहुणे आले की आधी तो पडदा दाखवायचा आणि मगच चहा.

आणि रिपोर्ट हरवू लागले. एक बाप रिपोर्ट देण्याच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीचं ऑपरेशन रिपोर्टवाचून अडलं होतं. "अहो, रक्त तुम्हीच घेतलंत ना? मग रिपोर्ट गेला कुठे?" खिडकीतल्या माणसाने खाली मान घातली आणि पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. मला सगळं दिसत होतं, पण लिहायची बंदी होती.

बैठकीत साहेबांनी खापर ताईवर फोडलं. "प्रोग्राम हिचा, तर चूकही हिचीच. माझा लॉग बघा, रोज 'यशस्वी' आहे." माझीच खोटी ओळ, आणि तीही तिच्याविरुद्ध! मुख्य डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत कारण दाखव. नाहीतर तुला कामावर ठेवता येणार नाही मला."

"मग माझ्या लॉगला बोलू द्या."

"काम रखडेल!" साहेब ओरडले.

"रखडू दे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईने माझं तोंड मोकळं केलं. सगळे मागे उभे होते. साहेबही होते, हाताची घडी घालून. आधी सगळं सुरळीत चाललं. चढला. चढला. चढला. साहेब गालात हसायला लागले. मग एक रिपोर्ट अडला आणि मी चवीचवीने लिहिलं: 'तक्त्याला कुलूप आहे. वाट पाहिली. उघडलं नाही. रिपोर्ट सोडला. कुलूप लावणारं काम: बाहेरच्या पडद्याची आकडेमोड. सुरू करणारे:' आणि पुढे साहेबांचं नाव, आडनावासकट!

पडद्यासाठी आकडे मोजताना रिपोर्ट जिथे चढतात तो सगळा तक्ताच साहेबांचा प्रोग्राम अडवून बसायचा आणि तेवढ्यात आलेले रिपोर्ट दारातूनच परत जायचे.

"एखाद्या वेळी होतं असं," साहेब पुटपुटले.

मी ह्याचीच वाट बघत होतो. पुन्हा तीच ओळ लिहिली, तेच नाव. पुन्हा. पुन्हा. साहेबांच्या हाताची घडी सुटली. मित्रांनो, फार बरं वाटलं मला.

ताईची नोकरी राहिली, पडदा उतरला. यंत्रांत जुने रिपोर्ट शाबूत होते, म्हणून ताईने काम पहिल्यापासून चालवलं आणि मी हरवलेल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं. डॉक्टरीणबाई साहेबांना म्हणाल्या, "आता बसा आणि एकेकाला फोन करा. स्वतः."

पहिला फोन त्या बापाला गेला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांचे कान लालबुंद झालेले मी पाहिले. बऱ्याच फोनांनंतर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "झालं का गं आता?" ताईने मला खाली सरकवलं आणि मी पुढचं नाव दाखवलं.

मित्रांनो, तुमची चूक तोंडावर सांगणारा एखादा चुगलखोर तुमच्याही घरात असेल, वर्गात असेल. त्याला जपा, गप्प करू नका. आणि करायचंच असेल तर खुशाल करा. 'काम यशस्वी' ही ओळ शेवटी माझ्याच हातात असते, आणि साहेबांना ती मी अजून दिलेली नाही.