खाली म्हणजे चालू

दृष्ट कोणाची लागते, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. आई अंगण झाडता झाडता गुणगुणायची,

बाहेरची गं दृष्ट, येते वेशीशी थांबते
घरची उंबऱ्यात, दिवा लावून बसते

वसईजवळच्या आमच्या जूचंद्र गावात रांगोळीचे हात घरोघरी आहेत. आमच्या घरात फक्त एक नियम जास्तीचा होता. ज्याने रांगोळी काढली त्याने तीट लावायची नाही. आपल्या कामावर पहिली नजर आपलीच पडते आणि तीच सगळ्यात कौतुकाची असते. म्हणून तीट दुसऱ्याने लावायची. खालच्या डाव्या कोपऱ्यात, कोळशाच्या पुडीची, तिळाएवढी. बाबांच्या रांगोळ्यांना मी पाच वर्षांची असल्यापासून तीट लावत आले. बाबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे आणि दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये गावाचं प्रदर्शन भरलं की मधली मोठी रांगोळी काढायचे. दहा बाय आठ फूट, एखादा चेहरा. हॉलमध्ये शिरणारा माणूस आधी तिथेच थबकायचा. ती मधली जागा एक दिवस माझी होणार, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. लेकीने विचारायचं काय त्यात.

शिकवताना बाबा एकच गोष्ट शंभरदा म्हणायचे, "नाव नेत्रा ठेवलं न डोले पाहा. डोले हायेत का भोकरं?" ओठाची कड जाड झाली, भोकरं. कपाळावर रंग सांडला, भोकरं. मी रडायची, पुसायची, पुन्हा काढायची.

मग क्षितिजा आली. जवळच्या एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतली, वडील बँकेत, मूळचे रत्नागिरीकडचे. प्रदर्शन बघायला आली आणि दुसऱ्या रविवारी आमच्या ओट्यावर वही घेऊन हजर. "काका, मला शिकवाल?" मी एकोणीसची, तीही एकोणीसची. तिच्या चिमटीतून रंग असा सुटायचा, जसं पिकल्या पानावरून दव. सहा महिन्यांत तिने डोळ्यातलं पाणी काढलं. मला ते जमायला सात वर्षं लागली होती. बाबा तिच्या कामाकडे बघायचे आणि म्हणायचे, "झ्याक." एवढंच. पण तो 'झ्याक' मला आयुष्यात दोनदा मिळाला होता आणि तिला दर रविवारी मिळायचा.

दोन हजार एकच्या दिवाळीत तिने प्रदर्शनात पहिला मोठा चेहरा काढला. नातीला भरवणारी एक म्हातारी. मधल्या जागेच्या बाजूलाच. तीट लावायची बाकी होती, तोवर पंखा सुटला. सकाळपासून वीज नव्हती, ती अचानक आली आणि म्हातारीचा चेहरा भिंतीपर्यंत उडाला. बाबांनी विचारलं, "तीट लावली नव्हती?"

"विसरले," मी म्हटलं.

सगळ्या हॉलने मान हलवली. तीट नव्हती, दृष्ट लागली. क्षितिजाने हातातला ओला रुमाल फक्त घडी घालून ठेवला. आणखी एक वर्ष ती शिकायला आली. मग कॉम्प्युटरवरच्या चित्रांचा कोर्स करून मालाडच्या एका कंपनीत लागली. परदेशातले गेम असतात ना, त्यांच्या भिंती, रस्ते, पाट्या इथे रंगवून पाठवायच्या, असं ते काम.

दोन हजार सहाच्या गणपतीत तिच्या गेमची सीडी आली. 'स्कायलेन २१९०'. सोबत चिठ्ठी : 'काकांना. यातल्या भिंती मी रंगवल्यात.' बाबांनी ती चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली. माझ्या दहावीचं प्रमाणपत्र ट्रंकेत आहे.

त्याच महिन्यात बाबांचा हात थरथरू लागला. चिमटीतली रेघ नागमोडी जाऊ लागली. नवरात्र सरलं तशी एका सकाळी ते म्हणाले, "औंदा मधली मना जमनार नाय. क्षितिजाला फोन लाव, तिला बोलव. ती नाय आली तर तू काढ."

नाय आली तर.

मी फोन लावला नाही. संध्याकाळी सांगितलं, "लागत नाही." दुसऱ्या दिवशीही लागला नाही. तिसऱ्या दिवशी मी रिसीव्हर उचलून बाबांना ऐकू जाईल असे आकडेसुद्धा फिरवले, एक आकडा कमी.

पण मनाला ते पुरेना. ती आपणहून आली तर? बाबांच्या मनातून तिला काढायला काहीतरी हातात हवं होतं. ते त्या गेममध्ये सापडेल असं मला वाटलं. आमच्या ओट्यावरून तिने काय काय उचललंय ते बाबांना दाखवायचं. मयूर, माझा धाकटा भाऊ, रोज कॉलेजातून आला की तेच खेळायचा. मी रंग चाळायची चाळणी घेऊन त्याच्या मागे बसू लागले.

"ताई, तू रंग चाळतेस की माझा मेंदू?"

"खेळ तू. मी नुसती बघते."

आभाळातून रस्ते गेलेले, गाड्यांना चाकं नाहीत, इमारतींना तळ नाही. गाडी सुसाट जायची आणि मी भिंती बघायचे. मयूरने एक वेबसाइट काढली. जगभरातल्या खेळणाऱ्यांनी या गेममध्ये दडलेल्या गोष्टींची तिथे यादी केली होती. तो वाचायचा आणि हसायचा.

"हे ऐक. सात नंबरच्या गाडीच्या पोटाखाली एक पिवळं फळ आणि सात हिरवे काटे लटकतात. इंधन वाचवायचं यंत्र असावं म्हणे. ताई, लिंबू-मिरची आहे ती."

"आणखी?"

"चौथ्या ट्रॅकवरचा धबधबा उलटा, वर जातो. मधला खडक बघ, आपल्या चिंचोटीचा वाटतो. मग दुसऱ्या ट्रॅकचे दिवे वरून बघितले तर ठिपक्यांसारखे दिसतात म्हणे. कुठल्यातरी तारकासमूहाचा नकाशा आहे असं एकाने सिद्ध केलंय."

मी वाकून बघितलं. सतराचे नऊ ठिपके, मधे सोडून. आमच्या उंबऱ्यावरच्या रांगोळीचा नकाशा.

"आणि प्रत्येक जाहिरातीच्या पाटीवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, काळा ठिपका. आधी सगळ्यांना वाटलं स्क्रीनवर घाण आहे. एक जण तर पुसत बसला होता."

माझ्या छातीत काहीतरी गरम गरम पसरलं. आनंदच होता तो. तीट माझी होती. माझ्या बोटाची, माझ्या घराची. ती हिने परदेशात नेऊन विकली. "मयूर, एवढं छापून दे मला," मी म्हटलं. "बाबांना दाखवायचंय."

"थांब, पुढे आहे. एकच पाटी बिनठिपक्याची आहे. पाचव्या बोगद्यात."

त्याने गाडी बोगद्यात घातली आणि थांबवली. इतर गाड्या वाऱ्यासारख्या पुढे गेल्या. पाटीवर एक म्हातारी होती. अर्धा चेहरा शाबूत, अर्धा उडालेला, रंगाचे फराटे भिंतीपर्यंत. वर छताला तीन पात्यांचा जुना पंखा गरगर फिरत होता. एकवीसशे नव्वद साली. शेजारच्या भिंतीवर काळ्या चौकटीत पांढरं बटण.

मयूर वाचत होता, "चित्रकाराची चूक. बटण खाली आहे, म्हणजे बंद आहे, तरी पंखा फिरतो." तो खो खो हसला. "येडे कुठले. तिकडे बटणं उलटी असतात ना. आपल्याकडे खाली म्हणजे चालू. ताई? ए ताई, रंग सांडला."

ते बटण मी पाहिलं होतं. त्या दिवशी, हॉलमध्ये. वीज नव्हती आणि मंडपवाल्याने सवयीने बटणं दाबून पाहिली असतील, तिसरं खालीच राहिलं होतं. बाबा चहाला गेलेले. क्षितिजा हात धुवायला बाहेर नळावर. हातात कोळशाची पुडी घेऊन मी भिंतीशी उभी होते. बटण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होतं. नुसतं एक बोट लावायचं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं, तिच्या डोळ्यातल्या त्या पाण्याकडे, आणि पुडी मिटून बाहेर निघून गेले.

विसरले, असं मी सांगितलं होतं. लहान चुकीच्या पदराखाली मोठी चूक पाच वर्षं झोपली होती.

मयूरने छापलेला कागद मी घडी करून चाळणीखाली ठेवला. तो बाबांना दाखवला की तीट दिसणार, आणि तिटेमागून पंखाही येणार. गप्प राहिले की मधली जागा माझी. सगळे आकडे फिरवायचे नाहीत, बस. दोन दिवस मी तो कागद जागा बदलून बदलून ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी सगळे आकडे फिरवले.

"हॅलो?"

"नेत्रा बोलतेय."

मागे तिच्या ऑफिसातले आवाज येत होते. ती म्हणाली, "गेम बघितलास?"

"बघितला."

"कुठवर?"

"पंख्यापर्यंत."

"हं."

"तिकडचे लोक म्हणतात बटण बंद आहे."

"माहितीये. आमच्या साहेबांनीही दुरुस्त करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे ते." ती हसल्यासारखी वाटली, नक्की कळलं नाही. "मी नळावर होते. खिडकीतून दिसत होतीस तू."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"कशाला? लेकीची चुगली करणारीला काकांनी पुढे शिकवलं असतं? मला शिकायचं होतं गं. मी काही साधुसंत नाही."

तीच पुढे बोलली, "आणि मीही जळायचे तुझ्यावर."

"माझ्यावर? तुला दर रविवारी झ्याक मिळायचं."

"झ्याक पाहुणीला म्हणतात. तुला ते भोकरं म्हणायचे. माझ्या म्हातारीच्या नाकाची सावली चुकली होती, मला स्वतःला दिसत होती. काका बघून गेले, झ्याक म्हणाले. तू काढली असतीस तर पुसायला लावली असती."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. बाहेर आईने घातलेलं भाताचं वाळवण चिमण्या टिपत होत्या आणि त्यांना हाकलायचं माझ्या लक्षात आलं नाही.

"बाबांनी बोलावलंय तुला," शेवटी मी म्हटलं. "मधली जागा तुझी."

"हे काका म्हणतायत की तू?"

"फोन मी केलाय ना."

"तीट कोण लावणार?"

"मीच. आणि बटणं सगळी वर आहेत का ते आधी बघून ठेवते. मग तर झालं?"

धनत्रयोदशीला ती सकाळी आली, ओढणी कमरेला खोचून. मी हॉलमधली बटणं आधीच वर करून त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. बाबांनी विचारलं, "हे कनाला?" मी म्हटलं, "वारा नको म्हणून." बाबांना मी बाकीचं अजून सांगितलेलं नाही. सांगेन की नाही, माहीत नाही.

तिने पुन्हा तीच म्हातारी काढली. दुपारपर्यंत मी तिला रंग चाळून देत होते आणि मनातल्या मनात प्रत्येक रेघ तिच्याआधी काढत होते. डोळ्यातलं पाणी उतरलं तेव्हा माझं ते जुनं जळणं पुन्हा समोर आलं. गेलं नव्हतं ते कुठेही. उंबऱ्यात दिवा लावून बसलं होतं.

बाबा काठी टेकत आले. वाकले. बराच वेळ बघत राहिले. 'झ्याक'साठी मी मन घट्ट करून घेतलं.

"नाकाची सावली कुठं गेली?" ते म्हणाले. "एवरी कॉम्प्युटरवर शिकलीस न डोले पाहा. डोले हायेत का भोकरं? पूस ती."

क्षितिजाने वर बघितलं. तिचा चेहरा असा उजळला होता जसं कोणी तिला साडी-चोळी देऊन माहेरी घेतलंय. ती ओणवी झाली आणि हसत हसत नाक पुसू लागली.

आणि मी, मधली जागा आपल्या हाताने देऊन बसलेली, भिंतीशी उभी राहून जळत होते. ती भोकरं माझी होती. लहानपणापासूनची होती. ती तिला देऊन टाका असं मी फोनवर म्हटलं नव्हतं.

सावली नीट झाली. बाबांनी मान हलवली. क्षितिजाने कोळशाची पुडी माझ्यापुढे धरली. मी चिमूट घेतली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तीट लावली.

तिळाएवढी लावायची असते. मी चांगली हरभऱ्याएवढी लावली. माझ्या नजरेला तेवढी लागणार होती.