तांब्याच्या वायसरी

पाना फिरवून सयाजीनं दुसरा प्लग बाहेर काढला आणि तळहातावर घेतला. प्लगच्या गळ्यात तांब्याची वायसर, म्हणजे गोल चकती, होती. वायसरीवर कोरलेल्या वेलीचं अर्धं पान काजळीतूनही दिसत होतं.

“काय झालं, दाजी? जळलाय का?” दादासोनं विचारलं.

सयाजी अंगठ्यानं काजळी पुसत राहिला.

रहिमतपूरच्या चौकात दादासोची मोटार उतारूंनी भरून उभी होती. पौषातली सकाळ, इंजिन नुसतं घरघरत होतं, पेट घेत नव्हतं. डिझेलचं इंजिन गार पडलं की आधी आतून तापवावं लागतं, आणि ते काम या चार प्लगांचं. चारही एकाच तारेत ओवलेले, त्यामुळे एक जळला की सगळेच गार. सयाजी लढाईत मिसर देशापर्यंत जाऊन मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करून आला होता, म्हणून दादासोनं थोरल्या बहिणीच्या या नवऱ्याला बोलावणं धाडलं होतं. प्लग काढण्याआधी त्यानं एकेकाला वगळून तार जोडून पाहिली होती. दुसरा वगळला तशी स्टेरिंगजवळची, प्लग तापू लागले की पेटणारी खुणेची तार लाल झाली होती. दोष सापडला होता.

पण ती वायसर त्यानं स्वतःच्या हातानं कापलेली होती.

लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावात दोघा मेव्हण्यांनी एकाच जातीच्या दोन लॉऱ्या घेतल्या, वर बाकडी बसवून मोटारी केल्या. सुटे भाग मिळत नव्हते. तेव्हा सयाजीच्या बायकोनं, हरणाबाईनं, आपल्या लग्नातला वेल कोरलेला गळका तांब्या त्याच्यापुढं ठेवला होता, “ह्याचा पत्रा चालंल का बघा.” त्याच्या वायसरी कापून सयाजीनं आपल्या गाडीच्या चारही प्लगांना घातल्या होत्या. रहिमतपूर-सातारा परमिट एकालाच मिळणार होतं. गाडी साताऱ्याला नेऊन साहेबासमोर चालवून दाखवायची होती. नेमकी त्या सकाळी सयाजीची गाडी सुरू झाली नाही. चिंध्यांचे बोळे पेटवून, इंजिन तापवून कशीबशी सुरू करून तो पोचला, तोवर परमिट दादासोला देऊन साहेब उठून गेला होता.

रात्री प्लग तापवायचं बटण आपल्याच हातून चालू राहिलं आणि प्लग जळाले, असं तो धरून चालला. प्लग उघडून बघायचंही त्याच्या मनात आलं नाही. गाडी शिरवळच्या खडीवाल्याला देऊन टाकली आणि लोकांची इंजिनं दुरुस्त करत राहिला. “चुकतं मानसाचं, दाजी,” म्हणून दादासोनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

सयाजीनं उरलेले तिन्ही प्लग काढले. तिन्हींच्या गळ्यात तीच वेल होती. त्यानं ते दादासोपुढं धरले.

“वळखतोस का रं? ह्ये माज्या गाडीतलं. तुजं जळकं माज्यात घातलंस.”

दादासोची नजर खाली गेली. “दाजी, हितं नगं. लोकं हायती.”

“माजी गाडी कुलपात हुती. किल्ली घरात खुंटीला असायची.”

दादासोनं मोटारीतल्या उतारूंकडं पाहिलं.

“किल्ली कुनी दिली?”

“अक्कानं,” तो पुटपुटला.

“आवं, सुरू करा की! दवाखाना गाठायचाय,” खिडकीतून एक म्हातारी ओरडली.

सयाजीनं पिशवीतून आपल्याकडचा शिलकी प्लग काढला, दुसऱ्या भोकात बसवला, बाकीचे तीन होते तिथं आवळले. तार लाल झाली, इंजिन धडधडलं. दादासो काहीतरी बोलायला जवळ आला तेव्हा सयाजी पाना पुसत चालू लागला होता.

घरी हरणाबाई भाकरी थापत होती. तो उंबऱ्यातच थांबला.

“दादासोला किल्ली तू दिलीस?”

तिचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली.

“त्यो म्हनला, गाडी नुसती बघतो,” ती म्हणाली. “मागनं कळलं मला. तवा म्हनला, परमिट कुनाच्या बी नावावर असू दे, दाजींस्नी भागीदार घेतो. अक्का, गप ऱ्हा, म्हनला. म्या गप ऱ्हायले.”

“आन् मी येड्यावानी सवताला शिव्या देत बसलो. तू ऐकत हुतीस.”

“व्हय.”

एवढं म्हणून ती रडू लागली. सयाजीला वाटलं, ओरडावं, तवा भिरकावून द्यावा. तो आत येऊन चुलीजवळ भिंतीला टेकून बसला. मग त्यानं हात लांब करून करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार घरावरून गेली. दादासो बहिणीच्या दारापुढं नेहमी भोंगा वाजवायचा आणि ती पदर सावरत बाहेर यायची. भोंगा वाजला. गाडी थांबली, पुन्हा वाजला. हरणाबाई चुलीपुढं बसून होती. तिनं फुंकणी उचलली आणि विझत आलेल्या जाळावर फुंकर घालू लागली.